वन्सं, तुमचं अंगण साफ केलं हो

वन्सं, गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात. भेटायला आलेल्या प्रत्येकीनं मला हे सांगून झालं. कोणी डोळे पुसत सांगितलं, कोणी चहा पिता पिता. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, तुमचं काय जातंय सांगायला. मला राग आलाय. तुमच्या भावाचा आलाय, निफाडच्या तुमच्या चुलतभावाचा, प्रभाकर भावजींचा आलाय, सोसायटीच्या चेअरमनचा आलाय आणि सगळ्यांत जास्त तुमचा आलाय. तुम्ही असतात तर तोंडावर भांडून मोकळी झाले असते आणि दुपारच्या चहाला आपण पुन्हा बोलायला लागलो असतो. आता समोर कोणी नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

पहिलं म्हणजे, जायला हीच वेळ सापडली? ऐन फाल्गुन! पावसाळ्यात सगळ्यांचीच अंगणं हिरवी असतात. पण बाकी सगळी कॉलनी धुळीनं मळलेली असताना, कुंड्यांतले शेवंतीचे बुंधे वाळलेले असताना, आपलं मागचं अंगण फाल्गुनात जागं व्हायचं. तुम्ही वर्षभर त्या महिन्याची वाट बघायचात. आणि या वर्षी तो आला तेव्हा तुम्ही दवाखान्यात, खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप बघत पडलेल्या. संक्रांतीपासून तुम्हाला धाप लागत होती, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं. गच्चीचा जिना चढताना मध्येच थांबायचात, विचारलं तर म्हणायचात, "तांबट ऐकतेय गं." आणि तांबट खरंच कुठंतरी टुक टुक करत असायचा, त्यामुळे माझाही विश्वास बसायचा. पक्ष्याला पुढं करून आजार लपवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं. ते अंगवळणी पडलं ते पडलंच. कॉलनीतल्या नव्या सुना हसायच्या. हसू देत. नव्वदच्या सुमारास आपण तिघांनी गंगापूर रोडच्या आत हा प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा मागं पेरूची बाग होती आणि पुढं नुसता माळ. पुढची चार खोल्यांची जागा माझी आणि मागचं अंगण तुमचं, अशी वाटणी कोणी केली नाही, पण झाली. मग माळावर प्लॉट पडायला लागले. जेसीबी आला की तुम्ही खुरपं आणि घमेलं घेऊन त्याच्या पुढं जायचात. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, तुम्ही हात वर करून "थांब रे बाबा, दोन मिनिटं" म्हणायचात, आणि कसलंतरी काटेरी झुडूप मातीसकट उचलून आणायचात. मला तेव्हा इतकी लाज वाटायची! शाळेत भूगोल शिकवणारी बाई, आणि जेसीबीच्या पुढं पदर खोचून.

असं करत करत तो माळ आपल्या अंगणात राहायला आला. भिंतीशी धायटी, तिला फाल्गुनात लाल नळ्यानळ्यांची फुलं लगडायची आणि शिंजीर, तो अंगठ्याएवढा काळानिळा पक्षी, दिवस उजाडल्यापासून त्या फुलांवरून दुसऱ्या शिंजिराशी भांडायचा. जमिनीसरपट भुईरिंगणी, देठापासून पानापर्यंत नुसते काटे आणि मध्ये जांभळी फुलं. टिकलीएवढी निळी विष्णुक्रांता. कुंपणावर उतरणीचा वेल. नळाजवळ रुई. कडुनिंबाखाली एक पट्टा तुम्ही मुद्दाम उघडा ठेवला होता, तिथं मधमाश्यांच्या जातीतल्या माश्या मातीत बिळं करायच्या. भिंतीवर लाल गळ्याचा सरडा उन्हं चढली की जोर काढायचा. तुम्ही त्याला "पैलवान" म्हणायचात.

बाहेरच्या माणसाला हे सगळं गवत दिसायचं, हे मी समजू शकते. मलाही बरीच वर्षं तेच दिसत होतं. म्हणून तर तुम्ही जुन्या सुती साड्यांचे काठ फाडून त्यांच्या चिंध्या झाडांना बांधायचात. चिंधी बांधली म्हणजे त्या झाडावर तुमची नजर आहे, त्याला हात लावायचा नाही. धुणं-भांडी करायला येणारी कमळसुद्धा चिंधी बघून झाडू वळवायची.

आणि तुमची ती शनिवारची पहारेदारी! मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची म्हणून शनिवारी सकाळी अर्धी कॉलनी आपल्या नळाजवळ. सगळ्यांत पुढं चेअरमनच्या मिसेस. तुम्ही दार उघडून उभ्याच. "सुरवंट असलेलं पान तोडायचं नाही. बघून तोडा." त्या म्हणायच्या, "अहो ताई, देवाला हवीत ना." तुम्ही म्हणायचात, "हाही देवाचाच. त्याला जेवू दे." आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा तो सुरवंट असलेलं पान उलटं करून त्यांच्या नाकासमोर धरायचात. त्या ओरडून मागं सरायच्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत हसायचे, आणि तुम्ही आत आलात की मात्र तोंड फुगवून म्हणायचे, "कॉलनीत तोंड दाखवायला जागा ठेवू नका."

आपली भांडणं काय कमी होती? मला मागं फरशी हवी होती. साधी शहाबादी चालली असती. फाल्गुन-चैत्रात माझ्या कुरडया, पापड, सांडगे सगळं वाळवण गच्चीवर न्यायचं, जिन्याच्या चकरा मारून गुडघे जायचे, आणि खाली एवढी मोठी जागा काटे-गवताला आंदण दिलेली. अंगणात खाट टाकून कुरडया घातल्या की तुमचे सातभाई पक्षी येणार, खारी येणार. एका वर्षी खारीनं कुरडईची अख्खी चवड नेली, तर तुम्ही म्हणालात, "मीठ जरा जास्त झालंय वाटतं गं, अर्ध्या खाऊन टाकल्यात तिनं." मी त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक केला नाही. तुम्ही खिचडी टाकलीत आणि तिच्यात खरंच मीठ विसरलात.

फरशीचा वाद सुटला नाही. मी म्हणायचे, "निम्म्या भागात तरी." तुम्ही म्हणायचात, "कोणता निम्मा, ते तू ठरव. जिथं कोणी राहत नाही असा निम्मा दाखव, तिथं टाकू फरशी." मी प्रत्येक वेळी एक जागा दाखवायचे आणि तुम्ही तिथं बसून मला तिथला रहिवासी दाखवायचात. मुंग्यांचं वारूळ, नाहीतर बीळ, नाहीतर दगडाखाली पाल. दहा-बारा वर्षं हा खेळ चालला. मला जिंकायचं होतं, वन्सं. तुम्ही तो वाद अर्धवट टाकून निघून गेलात, आणि समोरचा माणूसच उठून गेला की जिंकता येत नाही.

एक गोष्ट मात्र कधी बोलून दाखवली नाही, ती आज लिहून टाकते. माझी आई गेली त्या वर्षी माहेराहून परत आले तर घरात बसवेना. टीव्ही लावला तरी नको, कोणी बोललं तरी नको. दुपारी तुम्ही आलात, माझा दंड धरून मागं नेलंत आणि रिंगणीसमोर पाटावर बसवलंत. "बोलू नको. ही बघ." निळ्या पट्ट्यांची एक माशी आली. फुलाला मिठी मारून तिनं असा काही गुंजारव केला की तिच्या अंगावर पिवळी धूळ सांडली. तुम्ही हळूच म्हणालात, "या फुलाचा पराग तसा सुटत नाही. त्याला धरून असं थरथरवावं लागतं, तेव्हा देतं ते." बाकी काही बोलला नाहीत. आईबद्दल एक शब्द नाही, धीराचं एक वाक्य नाही. मी तिथं किती वेळ बसले कोण जाणे, आणि मग पहिल्यांदा रडले. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत कुठं होती? पण मानायला हवे होते, असं आता वाटतं, आणि आता ते ऐकायला तुम्ही नाही, याचाही मला रागच येतो.

तर आता ऐका तुमच्या दहाव्याला काय झालं ते.

सकाळी आम्ही सगळे रामकुंडावर. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या पत्र्यावर दहा-बारा बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला." तुमच्या भावानं हात जोडले, "आक्का, सगळं नीट सांभाळतो." कावळा ढिम्म. कोणी म्हणालं, भाच्याचं लग्न याच वर्षी करू. कोणी म्हणालं, गडावर देवीला साडी नेसवू. तुमची आणि देवीच्या साडीची कधी ओळख तरी होती का? मला तुमचा आवाज कानाशी ऐकू येत होता, "अगं, त्यांचे घरटी बांधायचे दिवस आलेत, त्यांना भाताचं काय कौतुक? पिंडाशेजारी चार काड्या ठेवा, बघा कसे येतात." त्या गर्दीत मला हसू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय.

मग ऊन चढायला लागलं, लोक घड्याळं बघायला लागले, आणि मी पुढं झाले. चारचौघांत मोठ्यांदा म्हणाले, "वन्सं, तुमच्या अंगणाला मी आहे तोवर कोणी हात लावणार नाही. सुमननं शब्द दिलाय." आणि कावळा आला. एक आला, मागून दुसरा आला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, की मी बोलताना सगळे दोन पावलं मागं सरकले, म्हणून आला. असेल. पण शब्द मी कावळ्याला दिला नव्हता.

आता यातली खरी मेख सांगते. मी घाटावर शब्द देत होते त्याच वेळी इकडं तुमचं अंगण साफ होत होतं.

घरी आलो, गेट उघडलं, आणि बाजूच्या बोळातून थेट मागची भिंत दिसली. सबंध भिंत. तिच्यावरचा रंगाचा पट्टासुद्धा, जो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. अंगणात ताजी उकरलेली, सपाट केलेली, वर पाणी शिंपडलेली माती. धायटी नाही, रिंगणी नाही, उतरण नाही, रुई नाही. कडुनिंबाचे खालचे फाटे छाटून खोडाला चुना आणि गेरू लावलेला. आणि मध्ये प्रभाकर भावजी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, कपाळावर घाम, तोंडभर समाधान.

"या वहिनी, बघा. कसं लख्ख केलं! पार रान माजलं व्हतं. तेराव्याला चार पाव्हणे येनार, मांडव पडनार, आक्काच्या दारात असं बरं दिसतं व्हय? मळ्यातून दोन गडी आनले. तोडनी चालू हाय, पन म्हनलं आक्कासाठी एक दिस गेला तर गेला."

ते पुढं बोलतच होते.

"आन आक्कानं बी खुना करून ठेवल्या व्हत्या. काय काय काढायचं त्याला चिंध्या बांधल्या व्हत्या. ती आदी काढली, मुळासकट."

वन्सं, त्यांच्या द्राक्षाच्या मळ्यात रोगट वेलाला चिंधी बांधतात, उपटणाऱ्या गड्यांना कळावं म्हणून. वेलींच्या ओळींमध्ये गवताची काडी दिसली तर गावात नाव जातं. त्यांच्या हिशेबानं बहिणीचा यापेक्षा मोठा मान दुसरा कोणता? हा माणूस काढणीच्या ऐन दिवसांत, ट्रक दारात उभा असताना, सगळं टाकून आला होता. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला होता. त्याच्या हाताला फोड आले होते. अशा माणसावर ओरडायचं तरी कसं?

मी ओरडले. म्हटलं, "भावजी, आज तुम्ही आक्काला दुसऱ्यांदा जाळलंत."

त्यांचा चेहरा उतरला. ते एकदा मातीकडं बघत, एकदा माझ्याकडं. "मला वाटलं..." एवढंच म्हणाले. गेटाबाहेर सगळा ढीग पडला होता, त्यातून तुमच्या हिरव्या नऊवारीचा काठ डोकावत होता. आणि तुमचा भाऊ, माझा नवरा, काय म्हणाला असेल? "झालं ते झालं. पाहुण्यांसमोर तमाशा नको." सख्ख्या बहिणीचं अंगण उभं खरवडलं आणि तमाशा कशाचा, तर माझ्या बोलण्याचा!

संध्याकाळी चेअरमन. तेच, ज्यांनी तुम्हाला डासांबद्दल आणि सापांबद्दल पत्रावर पत्रं पाठवली, "स्वच्छ कॉलनी"चं बक्षीस तुमच्यामुळं गेलं म्हणून सभेत बोलून दाखवलं. आता हात जोडून म्हणतात, "ताई खऱ्या निसर्गप्रेमी होत्या. जागा आता मोकळी झालीच आहे, तर सोसायटीतर्फे एक छोटीशी श्रद्धांजली. रस्त्याचे पेव्हर ब्लॉक उरलेत. ते बसवून घेऊ, बाजूनं कार्पेट लॉन, मध्ये दोन बॉटल पाम आणि ताईंच्या नावाची पाटी." आणि माझा नवरा म्हणतो, "बरं होईल." बरं होईल! मातीवर सिमेंटचं झाकण घालून वर तुमच्या नावाची पाटी. माझ्या हातातला कप मी बशीत इतक्या जोरात आपटला की त्याचा कान तुटला.

रात्रभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. सकाळी आवाज आला म्हणून बघते तर टेंपो मागच्या गेटाला लागलेला, लाल-करड्या ब्लॉकांनी भरलेला. मी केस तसेच मोकळे, खुर्ची उचलली आणि गेटात मधोमध टाकून बसले. टेंपोवाल्यानं आधी हॉर्न वाजवला. मग त्याला कोणीतरी सांगितलं, सुतकातलं घर आहे, मयत बाईची भावजय आहे. त्यानं तिथूनच नमस्कार केला आणि टेंपो मागं घेतला.

चेअरमन धावत आले. "वहिनी, अहो असं काय करता? मागच्या महिन्यात तुम्हीच नव्हतात का म्हणत, मागं फरशी हवी म्हणून? माझ्या मिसेसना सांगत होतात."

"म्हणत होते," मी म्हटलं. "माझ्या नणंदेशी म्हणत होते. ते आमचं दोघींचं भांडण होतं. त्यात तुम्ही कोण?"

"पण आता त्या नाहीत..."

"म्हणून काय त्यांचा निकाल तुम्ही लावणार?"

ते गेले. जाताना ह्यांना उद्देशून, "जरा समजवा," एवढं म्हणून गेले. हे दारातच उभे होते. ते म्हणाले, "चहा टाकू का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी गॅस पेटवल्याचं मला आठवत नाही. चहा पाणचट होता. मी खुर्चीत बसूनच प्यायले.

तेराव्याला मांडव पडला तो त्याच उघड्या मातीवर. लोक रुमाल पसरून बसले, धूळ उडत होती, मी कोणाचीही माफी मागितली नाही. भाषणं झाली. तुमचं अंगण म्हणजे शहराला लाभलेलं हिरवं लेणं होतं म्हणे. हे म्हणणाऱ्या बाईंनी दहा वर्षांत त्यात एकदाही पाय ठेवला नव्हता, शनिवारी रुई ओरबाडायला सोडून. मला उभं राहून विचारावंसं वाटलं, त्यात काय काय होतं, एक नाव सांगा. एक. पण ह्यांनी माझा पदर घट्ट धरून ठेवला होता.

प्रभाकर भावजी आले होते. मांडवात बसले नाहीत. ताट घेऊन कोपऱ्यात उकिडवे बसून जेवले, माझ्याकडं बघायचं टाळत होते. पंगती उठल्यावर हात धुवायचा पाइप नळाजवळच्या कोपऱ्यात लावला होता, तिथं मी उभी होते. ते आले, हात धुतले आणि खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, परत यील का हो हे?"

"मला काय माहीत? माहीत असणारी गेली."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं ओली माती जरा उकरली. "बी असतंय जमिनीत. तण काढून काढून आमची जिंदगी गेली, तरी दर साली उठतंयच. पानी लागलं का उठतं." आणि धुतलेलेच हात पुन्हा पाइपाखाली धरले. मी त्यांना आत नेऊन पाणी दिलं. राग गेला म्हणून नव्हे. तो अजून आहे आणि ते त्यांनाही माहीत आहे. पण त्या माणसाला तसाच निफाडला जाऊ देता येईना.

आता चैत्र लागलाय. दयाळ समोरच्यांच्या अँटेनावर बसून गातो, आपल्याकडं बसायला त्याला फांदी नाही. शिंजिराची जोडी सुरुवातीला रोज यायची, धायटी होती त्या जागी हवेत नुसती फडफडायची आणि जायची. आता येत नाही. तो पैलवान एकदा भिंतीवर दिसला, जोर काढत नव्हता.

आणि त्या हात धुतलेल्या कोपऱ्यात काहीतरी उगवलंय.

दोन-दोन पानांची रोपटी आहेत, नखाएवढी, पाच-सहा. पहिल्या दिवशी बघितली तेव्हा मी कमळला हाक मारून दाखवली, ह्यांना दाखवली, भावजींना फोन लावला. दुसऱ्या दिवशी जीव खाली-वर व्हायला लागला. कारण तुम्ही काही सगळंच ठेवत नव्हतात. लोकांना वाटायचं, ही बाई गवताची काडी उपटू देत नाही. त्यांनी तुम्हाला गाजरगवत उपटताना पाहिलं नव्हतं. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, दात-ओठ खात उपटायचात, हात सुजायचे तरी थांबायचा नाहीत. "एक राहिलं तर दोन वर्षांत सगळं अंगण त्याचं," म्हणायचात. आणि उकरलेल्या मोकळ्या मातीत सगळ्यांत आधी तेच घुसतं, हेही तुम्हीच सांगितलेलं.

मला ते ओळखू येतं ते पांढरी फुलं आल्यावर, म्हणजे वेळ गेल्यावर. तुम्हाला एवढंसं असताना ओळखू यायचं. एकदा मी विचारलं होतं, कशावरून ओळखता, तर म्हणालात, "रोज बघते म्हणून." हे काय उत्तर झालं? पानाची कड कशी, देठावर लव आहे का नाही, वास कसा, एक तरी खूण मला सांगून ठेवायला काय हरकत होती? सारखी त्या अंगणात बसून असायचात, चार चांगल्या गोष्टी शिकवून जायला काय झालं होतं?

मी घाटावर शब्द दिलाय. हे उपटलं आणि ती तुमची रिंगणी निघाली, तर सगळ्या अंगणातून एवढंच परत आलेलं मी माझ्या हातानं मारलं. नाही उपटलं आणि ते गाजरगवत निघालं, तर ज्यांच्यापासून मी ही माती वाचवली त्यांच्यापेक्षा वाईट माणसाच्या, म्हणजे माझ्याच, हातून ती गेली. गेले काही दिवस सकाळी चष्मा लावून मी तिथं जाऊन बसते. हे हाका मारतात, दूध उतू जातं. मी बघत राहते. अजून काही ओळखू येत नाही.

आज सकाळी तिसरं पान फुटलंय. काढू की ठेवू, वन्सं?